संसारी फादर का नकोत?

रविवार, रात्री

मिस्सेनंतर, म्हणजे रविवारच्या उपासनेनंतर, चर्चच्या आवारात फादरांच्या लग्नाचा विषय निघाला. एक काका ठासून म्हणाले, "आपल्या कॅथलिकांत हे चालत नाही." आपल्यातच चालतं, काका! युक्रेनच्या ग्रीक कॅथलिक चर्चमध्ये बायकामुलं असलेले धर्मगुरू आहेत आणि तेही पोपनाच मानतात. फक्त लग्न दीक्षेच्या आधी झालेलं हवं. येशूचा शिष्य पेत्र, ज्याला आपण पहिला पोप मानतो, त्यालाही सासू होती, ती तापाने अंथरुणाला खिळलेली असताना येशूने तिला बरं केलं, हे तर आपण शुभवर्तमानात ऐकतोच. लॅटिन चर्चमध्ये, म्हणजे आपल्या रोमन रीतीच्या चर्चमध्ये, धर्मगुरूचं लग्नच रद्दबातल, हे ११३९ च्या दुसऱ्या लॅटरन परिषदेने ठरवलं. चर्चने घालून घेतलेली शिस्त आहे ती. चर्चला ती बदलता येते.

मला खरी सल आहे ती दक्षिण अमेरिकेतल्या अ‍ॅमेझॉनची. ऑक्टोबर २०१९ मध्ये तिथले बिशप रोममध्ये जमले होते. दूरच्या वस्त्यांत फादर पोचायला महिनोन्महिने लागतात, कुठे कुठे वर्षंही. तोवर मिस्सा नाही, पापकबुली नाही, मरणाऱ्याच्या कपाळाला तेल नाही. म्हणून तिथल्या संसारी डिकनांना, म्हणजे धर्मगुरूच्या एक पायरी खालच्या सेवकांना, धर्मगुरूची दीक्षा द्यावी, असं १२८ विरुद्ध ४१ मतांनी ठरलं. फेब्रुवारी २०२० मध्ये पोप फ्रान्सिस यांचं पत्र आलं, त्यात या मागणीबद्दल अक्षर नव्हतं. त्यांच्यावर माझा फार जीव, म्हणून जास्तच लागलं.

ब्रह्मचर्याची थोरवी मी जवळून पाहिली आहे. बाबा गेले त्या रात्री धो धो पाऊस होता. फादर भिजलेल्या झग्यानिशीच उशाशी बसले, बोटभर डबीतलं तेल बाबांच्या कपाळाला आणि तळहातांना लावलं आणि उजाडेपर्यंत हलले नाहीत. घरी वाट पाहणारं कुणी नाही म्हणून त्यांना थांबता आलं, असं आई म्हणते. असेलही. पण संसार असलेले डॉक्टरही रात्री-अपरात्री धावून येतातच की.

ज्याला हे व्रत झेपतं, त्याने ते आनंदाने घ्यावं. पण ते सगळ्यांवर सक्तीचं का? आमच्या आळीतला एक मुलगा संसार हवा म्हणून सेमिनरी, म्हणजे फादर होण्याचं शिक्षण, सोडून आला. आता शाळेत शिकवतो, रविवारी चर्चमध्ये पहिलं वाचन करतो. बायबल इतकं समजून वाचणारा दुसरा कुणी मला माहीत नाही. वेदीवर उभं राहायला तो आजही तयार आहे, त्याची बायकोही तयार आहे.