आजच्यापुरती एक ओळ

आपल्या शाळेच्या स्मरणिकेच्या संपादक मंडळावर असलेल्या माझ्या वर्गमित्राने फोनवरून लेख मागितला तेव्हा विषयही त्यानेच ठरवून टाकला होता. "तुला साक्षात्कार कधी आणि कुठे झाला तेवढे लिही, बाकीचे पाल्हाळ नको," असे तो म्हणाला. बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील मराठी माध्यमाच्या शाळेत शिकलेला मुलगा येशूसंघात, म्हणजे जेझुइट या कॅथलिक धर्मसंघात, जातो आणि मिशनरी होतो, म्हणजे मध्ये कुठेतरी वीज चमकलेली असणारच, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. मी होकार दिला आणि पुढचे दोन दिवस ती तारीख आठवत बसलो. तशी तारीख माझ्यापाशी नाही. जे घडले ते इतके संथ घडले की घडताना मला त्याचा पत्ताही नव्हता. आणि त्याचे मूळ शोधत मागे जाऊ लागलो की मी आपल्या शाळेच्या नववीच्या वर्गात, खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावर येऊन पोहोचतो.

मी २००९ साली एस.एस.एल.सी., म्हणजे कर्नाटकातली दहावी, झालो. आमच्या भागातल्या मराठी मुलाला कन्नडच्या तासाविषयी वेगळे सांगावे लागत नाही. आमचा भाग कन्नड राज्यात टाकणारी १९५६ ची राज्य पुनर्रचना आणि त्या सीमावादावरचा १९६७ चा महाजन अहवाल हे शब्द अर्थ कळण्याच्या आधीच आमच्या कानांवर पडलेले होते, आणि कट्ट्यावर मोठ्यांनी बोलून दाखवलेला सगळा राग आम्ही मुले कन्नडच्या वहीवर काढत असू. नववीच्या सहामाही परीक्षेत मी कन्नडच्या पेपरातील सर्व प्रश्नांची उत्तरे मराठीत लिहिली. दोन दिवस वर्गात माझा मोठा मान होता. तिसऱ्या दिवशी कन्नडच्या बाईंनी मला शाळा सुटल्यावर थांबायला सांगितले.

बाई बैलहोंगलकडच्या होत्या. त्यांच्या मराठीला कन्नडचा हेल होता आणि आम्ही पाठीमागे त्याची नक्कल करीत असू, हेही येथे सांगितलेच पाहिजे. त्या मला मुख्याध्यापकांकडे नेतील, निदान छडी तरी मारतील, अशी माझी तयारी होती. हुतात्मा होण्याची संधी आहे असे मनातल्या मनात वाटतही होते. बाईंनी पिशवीतून एक नवी दुरेघी वही काढली, पहिल्या पानावर वरच्या बाजूला एक वाक्य लिहिले आणि म्हणाल्या, "इवत्तु ओंदु सालु साकु." आज एक ओळ पुरे. मी ती ओळ गिरवली आणि घरी गेलो. दुसऱ्या दिवशी दुसरी ओळ होती. दहावीच्या पूर्वपरीक्षेपर्यंत, रविवार आणि सुट्ट्या सोडल्यास, हा क्रम मोडला नाही. मी तो पेपर असा का लिहिला हे बाईंनी कधीही विचारले नाही, आणि पुढे माझे अक्षर सुधारले तेव्हा शाबासकीही दिली नाही. सुरुवातीचे दोन-तीन महिने मी रागाने लिहिले, मग कंटाळून लिहिले, आणि त्यानंतर केव्हातरी नुसतेच लिहू लागलो. राग कोणत्या ओळीवर संपला हे त्या वहीत शोधूनही सापडणार नाही.

आमच्या घरी कोकणी, दारात मराठी आणि बाजारात दोन्हींची मिसळ अशी स्थिती होती. आम्ही कॅथलिक असलो तरी गावातील पारायणाच्या सप्ताहात आमचे आजोबा मांडवाच्या कडेला बसून कीर्तन ऐकत, आणि 'नेम' हा शब्द मी चर्चमध्ये शिकलो नाही, शेजारच्या माळकरी काकूंकडून शिकलो. अंगात ताप असला तरी त्या एक पान वाचल्याशिवाय पाणी पीत नसत. पी.यु.सी.नंतर, म्हणजे बारावीनंतर, मी धर्मगुरू व्हायचे ठरवले तेव्हा आई रडली आणि वडील आठ दिवस काहीच बोलले नाहीत. त्याविषयी अधिक लिहिण्याची ही जागा नव्हे.

मिशनरी या शब्दाकडे आपल्या भागात काही जण संशयाने पाहतात याची मला जाणीव आहे. लंडन मिशनरी सोसायटीचे लोक बेळगावात १८२० साली आले, त्यांच्यामागून इतर पंथांचे आले. त्यांनी शाळा काढल्या, वादही ओढवून घेतले. मी ज्या कामाला मिशन म्हणतो ते बहुतांशी वसतिगृहाच्या किराण्याचा हिशेब ठेवणे, जातीच्या दाखल्यासाठी तहसील कार्यालयात रांगेत उभे राहणे आणि मुलांना अपूर्णांक शिकवणे एवढेच असते. तेव्हा वाचकांनी फार भव्य चित्र डोळ्यांसमोर आणू नये.

२०१२ साली मी बंगळुरूच्या नॉव्हिशिएटमध्ये, म्हणजे येशूसंघातल्या नवख्यांच्या प्रशिक्षणगृहात, दाखल झालो. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांनी आखून दिलेली तीस दिवसांची मौन साधना तेथे प्रत्येक नवख्याला करावी लागते. दिवसातून चार-पाच वेळा तासभर ध्यान, आणि मार्गदर्शकाशी थोडे बोलणे सोडले तर पूर्ण मौन. साधना संपल्यावर माझ्याबरोबरचे काही जण सांगत होते की त्यांना अश्रू आवरले नाहीत, कोणाला शांततेचा लोट आल्यासारखा वाटला. मला दुसऱ्या आठवड्यात पडसे झाले आणि तिसऱ्या आठवड्यात दुपारच्या ध्यानात नियमाने डुलकी लागू लागली. मी मार्गदर्शकांकडे जाऊन माझ्या बाबतीत काहीच घडत नसल्याची तक्रार केली. त्यांनी मला इग्नेशियस यांच्या आत्मकथनातला एक उल्लेख वाचायला दिला. स्पेनमधील पाँप्लोनाच्या लढाईत १५२१ साली तोफगोळ्याने पाय मोडलेला हा सरदार पुढे मानरेसा गावी जवळजवळ वर्षभर राहिला. त्या काळात शाळामास्तर पोराला शिकवतो तसे देव आपल्याला वागवत होता, असे त्यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे. मला एकदम दुरेघी वही आठवली आणि हसू आले. मौनात हसू येणे हीही अडचणच असते.

त्यांची त्यापुढची गोष्ट मला अधिक जवळची वाटते, आणि शाळेच्या स्मरणिकेत ती शोभेल म्हणून सांगतो. तेहतिसाव्या वर्षी हा माणूस बार्सिलोनात लहान मुलांच्या बरोबरीने लॅटिनचे व्याकरण शिकायला बसला. पाठांतर सुरू केले की त्यांना नेमके त्याच वेळी प्रार्थनेतले गोड विचार सुचू लागत आणि क्रियापदांची रूपे डोक्यात राहत नसत. प्रत्यक्ष प्रार्थनेच्या वेळी मात्र तसे काही सुचत नसे, यावरून हा मोह आहे हे त्यांनी ओळखले. आणि गुरुजींना गाठून, दोन वर्षे तुमच्या तासाला लक्ष देऊन बसेन, असे वचन दिले. अभ्यास टाळण्यासाठी देवाचे निमित्त करणारे विद्यार्थी आणि संन्यासी या दोघांनीही हा प्रसंग वाचावा, असे मला आग्रहाने वाटते. मी स्वतः ते निमित्त पुष्कळदा केलेले आहे.

इग्नेशियस यांच्या साधनेत एक साधा तक्ता आहे. आठवड्याच्या सात दिवसांसाठी ओळींच्या सात जोड्या आखायच्या. स्वतःचा एकच दोष निवडायचा. दुपारी पहिल्या ओळीवर आणि रात्री दुसऱ्या ओळीवर, तो दोष जितक्या वेळा घडला तितके ठिपके द्यायचे. मग रात्रीची ओळ दुपारच्या ओळीशी, आजचा दिवस कालच्या दिवसाशी आणि हा आठवडा मागच्या आठवड्याशी ताडून पाहायचा. मी राग निवडला. सुरुवातीला मला हा प्रकार वाण्याच्या खातेवहीसारखा वाटला आणि देवाशी असा हिशेब करणे कमीपणाचे वाटले. शिवाय ठिपके कमी दिसावेत म्हणून मी काही राग रागात धरतच नव्हतो. एखाद्याशी तीन दिवस न बोलणे हा माझ्या लेखी संयम होता.

त्याच काळात आम्हाला जोडीजोडीने, खिशात पैसे न देता, पायी यात्रेला पाठवण्यात आले. माझा जोडीदार केरळचा होता आणि त्याला कन्नडचा गंध नव्हता, त्यामुळे गदगच्या पुढच्या गावांत जेवण मागण्याचे काम माझ्याकडे आले. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत मी एकाही दारात तोंड उघडले नाही. भिक्षेची लाज होतीच. पण ज्या भाषेत उत्तर लिहायचे मी एकदा ठरवून नाकारले होते, त्याच भाषेत आता भाकरी मागायची होती, आणि ही गोष्ट माझ्याशिवाय तेथे कोणालाही माहीत नव्हती. शेवटी एका घरासमोर उभा राहून म्हणालो, "अम्मा, स्वल्प ऊटा कोडतीरा?" आई, थोडे जेवण द्याल का? आतून एक वयस्क बाई बाहेर आल्या, आमच्याकडे पाहिले आणि "बर्री, कूड्री," या, बसा, म्हणून आत घेतले. ज्वारीची भाकरी, एण्णेगाई म्हणजे भरली वांगी, आणि शेंगांची चटणी. गाव कोणते म्हणून त्यांनी विचारले, मी बेळगाव म्हणालो, आणि पुढचा प्रश्न काय येणार याची धास्ती घेऊन बसलो. त्यांनी विचारले ते एवढेच, की तुमच्याकडे पाऊस झाला का. त्या रात्री मी तक्त्यावर ठिपका दिला नाही. द्यावा की नाही हे ठरवता आले नाही, म्हणून ओळ तशीच ठेवली.

पहिली व्रते २०१४ साली झाली. पदवीची वर्षे आणि नंतर तत्त्वज्ञानाची दोन वर्षे यांविषयी सांगण्यासारखे थोडेच आहे. या काळात एकदा मी बॅग भरली होती. मन कोरडे पडलेले असताना आधी केलेला निश्चय बदलू नये, हा इग्नेशियस यांचा नियम मला तोंडपाठ होता आणि त्याचा मला अत्यंत संताप येत होता. पावसाळा संपेपर्यंत थांबू म्हटले. बॅग त्यानंतर केव्हा रिकामी केली ते आठवत नाही.

व्रतांनंतरच्या प्रशिक्षणात मध्येच एक-दोन वर्षे प्रत्यक्ष कामावर पाठवतात. त्याप्रमाणे २०२१ मध्ये मला मुंडगोड तालुक्यातील एका वसतिगृहात पाठवण्यात आले. तेथे सिद्दी मुले होती. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचे हे वंशज हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडच्या जंगलपट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. त्यांच्यात हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती तिन्ही आहेत, आणि उत्तर कन्नड जिल्ह्यात त्यांना २००३ साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. त्यांची घरची बोली कोकणीच्या अंगाची, तीत मराठी आणि कन्नड मिसळलेली. पहिल्याच संध्याकाळी मुले आपापसांत भांडताना ऐकली आणि मला सगळे भांडण समजले! माझ्या आजीच्या बोलण्याचे तुकडे त्यात होते.

त्यांतील आठवीतला एक मुलगा शाळेची कन्नड वही कोरी ठेवत असे. मी समजावले, ओरडलो, आणि एका रात्री सगळ्यांच्या देखत त्या वहीची पाने फाडली. तो माझ्याकडे पाहत राहिला, रडला नाही. तोपर्यंत माझ्या तक्त्यावरचे ठिपके आठवड्याला दोन-तीनवर आलेले होते आणि त्याचा मला गुप्त अभिमान होता. त्या रात्री ठिपका द्यायला बसलो तेव्हा लक्षात आले की कमी झाले होते ते माझे दिसणारे रागावणे. आणि जो मुलगा मी नववीत होतो, त्याच्याच वहीवर मी हात टाकला होता. सकाळी मी सर्व मुलांसमोर त्याची क्षमा मागितली, बाजारातून दुरेघी वही आणली आणि वरच्या बाजूला एक वाक्य लिहिले. येथे मला चमत्कार सांगता आला असता तर बरे झाले असते. तो मुलगा काही दिवस लिहीत असे, काही दिवस नसे, पुढे एस.एस.एल.सी.ला गणितात राहिला आणि आता हुबळीत एका गॅरेजमध्ये काम करतो. नाताळला त्याचा फोन येतो. कधी कधी येतही नाही.

माझ्या बाबतीत मात्र एक बदल झाला. मिशनरी होताना मला प्रभावी वक्ता व्हायचे होते. मुंडगोडहून परतलो तेव्हा मी पूर्वीपेक्षा कमी बोलत होतो आणि लोक मला जास्त गोष्टी सांगत होते. हे मी मागितले नव्हते. सध्या पुण्याच्या ज्ञानदीप या संस्थेत ईशज्ञानाचा (थिऑलॉजीचा) अभ्यास करताना फादर स्टीफन्स यांच्याविषयी पुन्हा वाचले. हा इंग्रज येशूसंघीय १५७९ साली गोव्यात उतरला आणि मराठी ओवीतले त्याचे ख्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले. शाळेत आपण त्या ग्रंथातील मराठीचे कौतुक तेवढे ऐकले होते. मी आता मधली ३७ वर्षे मोजतो. ती ओवी हातात येण्याआधी त्याने किती चुकीची वाक्ये उच्चारली असतील आणि कोणाकोणाच्या दारात उभे राहून उच्चारली असतील, याची नोंद कोठेही नाही.

गेल्या उन्हाळ्यात मी बैलहोंगलला जाऊन बाईंना भेटलो. त्या निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली आहेत आणि आता कमी दिसते. मराठीत लिहिलेला पेपर त्यांना आठवत नव्हता. दुरेघी वही माझ्या एकट्यासाठी नव्हती, दरवर्षी दोघा-तिघांसाठी असे, हेही मला तेव्हाच कळले आणि क्षणभर वाईटही वाटले. शाळेचे छत अजून गळते का, असे त्यांनी विचारले. मग मी गदगकडची गोष्ट कन्नडमध्ये सांगू लागलो आणि जेवण मागितल्याच्या वाक्यापाशी त्यांनी मला हाताने थांबवले. कन्नडमध्ये ऱ्हस्व 'ओ' आणि दीर्घ 'ओ' वेगळे आहेत आणि आपल्या मराठी कानांना तो फरक पटकन कळत नाही. 'कोडु' ऱ्हस्व उच्चारले तर 'दे', दीर्घ उच्चारले तर 'शिंग'. म्हणजे त्या माउलीकडे मी इतक्या भक्तिभावाने शिंग मागितले होते. बाई पदर तोंडाला लावून बराच वेळ हसल्या, मग चष्मा पुसून सरसावून बसल्या आणि म्हणाल्या, "पुन्हा म्हण." मी म्हटले. "अजून आखूड," त्या म्हणाल्या, आणि चहा निवेपर्यंत माझ्याकडून तो एक शब्द म्हणवून घेत राहिल्या.