कॉम्प्रेशनची वही : आमच्या गॅरेजची वाटचाल

नागपुरात अमरावती रोडवर, वाडीच्या अलीकडे बाबांनी पत्र्याचं शेड टाकलं, तेव्हा आमच्याकडे फियाट आणि ॲम्बेसेडर या दोनच जातींच्या गाड्या यायच्या. आजूबाजूला सगळी ट्रकची कामं. मी बारावीनंतर शेडमध्ये आलो, पाने पुसण्यापासून सुरुवात केली आणि पाचेक वर्षांत आपल्याला सगळं येतं असं समजू लागलो. धरमपेठेतल्या एका काकांची एमजीबी ओढून आणून आमच्या दारात उभी केली, ती त्याच सुमारास.

1962 ते 1980 या काळात इंग्लंडात बनलेली ही दोन दारांची स्पोर्ट्स कार. काकांच्या वडिलांची होती. गावात तिला हात लावायला कोणी तयार नव्हतं आणि खरं सांगायचं तर मीही बिचकलोच. बाबांनी बॉनेट उघडलं, थोडा वेळ नुसते पाहत उभे राहिले आणि म्हणाले, "अरे, हे तर आपलंच इंजिन आहे!" बरोबर होतं त्यांचं. ॲम्बेसेडरमध्ये वर्षानुवर्षं जे 1489 सीसीचं बी-सिरीज इंजिन होतं, त्याच घराण्यातलं हे 1798 सीसीचं. आमचा स्पोर्ट्स कारचा धंदा त्या एका वाक्यातून उभा राहिला.

तक्रार साधी होती. आयडलला मिसिंग मारते, सेमिनरी हिल्सच्या चढावर दम टाकते. गाडीला एसयू कंपनीचे दोन कार्बोरेटर, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारी यंत्रं. मी तीन दिवस त्यांच्याच मागे लागलो. जेट वर, जेट खाली, दोन्हींची हवा सारखी कर, डॅशपॉटमधलं ऑइल बदल. गाडी जरा सुधारल्यासारखी वाटायची आणि संध्याकाळी पुन्हा तेच. चौथ्या दिवशी बाबा म्हणाले, "काऊन रे, तीन दिवस झाले कार्बोरेटर पिळून राहिला. आधी इंजिनला विचार ना बापा, दम आहे का म्हणून."

मग त्यांनी स्वतः कॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायचा, गेज लावला. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, कॉइलची वायर काढलेली, मी आत बसून ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबलेला. पहिला सिलिंडर 155 पीएसआय, दुसरा 150, तिसरा 85, चौथा 155. पण आकड्याआधीच काटा बोलतो, हे मी त्या दिवशी पाहिलं. बाकी तीन ठिकाणी पहिल्याच ठोक्याला काटा टुणकन वर गेला. तिसऱ्याला तो थोडा चढला आणि पुढचे ठोके वाया गेल्यासारखा तिथेच घुटमळला. पिस्टनच्या रिंगा घासल्या असत्या तर काटा खालून का होईना, दर ठोक्याला पायरी-पायरीने चढत गेला असता. खात्रीसाठी बाबांनी प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडलं. ऑइल रिंगांची फट तेवढ्यापुरती बुजवतं, त्यामुळे रिंगांचा दोष असेल तर आकडा चांगला उडी मारतो. आमचा 85 वरून 90 वर गेला. म्हणजे रिंगा नव्हत्या.

जुन्या प्लगची चिनीमाती काढून त्याला हवेचं निपल वेल्ड केलेलं आमच्याकडे होतं. तिसऱ्याचा पिस्टन वर आणला, दोन्ही वॉल्व बंद, गाडी गिअरमध्ये टाकून ब्रेक लावला आणि कॉम्प्रेसरची हवा सोडली; ती निसटेल तिथे दोष. कार्बोरेटर गप्प. ऑइलच्या झाकणाशी गप्प. रेडिएटरमध्ये बुडबुडा नाही. सायलेन्सरच्या तोंडाशी मात्र सापासारखी फुस्स. एक्झॉस्ट वॉल्व.

हेड उतरवलं तर वॉल्वच्या कडेचा नखाएवढा भाग जळून गेलेला. आम्हाला त्यामागचं कारण महत्त्वाचं वाटलं. 2000 साली देशभर शिशाचं पेट्रोल बंद झालं. शिशामुळे एक्झॉस्ट वॉल्वच्या सीटवर, म्हणजे वॉल्व बंद होताना टेकतो त्या कडेवर, एक थर राहायचा, तो गेला. या इंजिनाच्या बिडाच्या हेडमध्ये सीट वेगळी बसवलेली नसते, हेडमध्येच कोरलेली असते. ती हळूहळू झिजते, वॉल्व आत बुडतो, टॅपेटची फट, म्हणजे वॉल्व आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली, मिटते, वॉल्व पूर्ण बसत नाही आणि बसला नाही की त्याची उष्णता हेडला जात नाही. त्यात दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट पोर्ट एकच, त्यामुळे ती जागा जास्तच तापते. हेडमध्ये कडक स्टीलच्या सीट बसवून घेतल्या. टॅपेट 15 थाऊवर (इंचाचे हजारावे भाग) लावले, नऊच्या हिशोबाने: आठवा वॉल्व पूर्ण उघडा असेल तेव्हा पहिल्याची फट बघायची, सातवा उघडा असेल तेव्हा दुसऱ्याची, बेरीज नऊ. त्यानंतर ज्या कार्बोरेटरनी मला तीन दिवस छळलं, ते वीस मिनिटांत लागले.

ती गाडी गेली आणि तोंडोतोंडी आणखी आल्या. धंदा वाढला, तशी चूकही झाली. एका गाडीचे चारही सिलिंडर सारखेच कमी आले, शंभरच्या आसपास. बाबा त्या दिवशी नव्हते. मी मालकांना बोअर करावा लागेल, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठे करावे लागतील, म्हणून सांगितलं, इंजिन खोललं, तर बोअर सुरेख, होनिंगच्या रेघासुद्धा शाबूत. चाचणी घेताना थ्रॉटल, म्हणजे ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप, उघडाच ठेवला नव्हता आणि बॅटरी अर्धी मेलेली. इंजिनाला हवाच मिळाली नाही, तर ते दाबणार काय? बाबांनी एक शब्द न बोलता इंजिन बांधायला घेतलं. मालकांकडून आम्ही एक रुपया घेतला नाही, गॅसकेटचाही नाही. त्या दिवसापासून कॉम्प्रेशनच्या वहीत आकड्यांच्या आधी बॅटरीचे व्होल्ट लिहिले जातात आणि थ्रॉटल कोणी धरला होता त्याचं नाव.

आमचा क्रम तेव्हापासून पक्का आहे. आधी कॉम्प्रेशन, मग टॅपेट, मग ठिणगीचे पॉइंट आणि टायमिंग, कार्बोरेटर सगळ्यात शेवटी. गिऱ्हाइकाला घाई असते, "जरा ट्यून करून द्या ना" म्हणतात. आम्ही नाही म्हणतो, त्यात काही गिऱ्हाइकं गेली.

नागपूरच्या उन्हाने आम्हाला वेगळं शिकवलं. या इंजिनात एक्झॉस्ट आणि कार्बोरेटर एकाच बाजूला. मे महिन्यात पारा 45 वर गेला की गाडी बंद केल्यावर कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये साठलेलं पेट्रोल उकळतं आणि ती पुन्हा चालू व्हायला मागत नाही. म्हणून नौतपात, मे अखेरच्या त्या कडक नऊ दिवसांत, आम्ही ट्रायल दुपारी तीनलाच घेतो, वर्धा रोडवर, आणि बर्डीच्या गर्दीतून परत. सकाळी सहाला तर कुठलीही गाडी छान चालते! उष्णतेचा पत्रा जागेवर आहे ना, ते आधी बघतो. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं आहे. इथेनॉल स्वतःचा ऑक्सिजन घेऊन येतं, मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, म्हणून जेटचा नट एखाद-दोन पैलू खाली घ्यावा लागतो. मग कार्बोरेटरचा पिस्टन जेमतेम एक मिलिमीटर उचलून ऐकायचं: आवाज क्षणभर चढून स्थिरावला तर बरोबर, चढतच राहिला तर पेट्रोल जास्त, इंजिन बसलं तर कमी. जुने रबरी पाइप मात्र आम्ही विचारून नाही, सांगून बदलतो. इथेनॉलने ते फुगून फुटतात आणि खाली तापलेला एक्झॉस्ट असतो.

आज आम्ही पाच जण आहोत. आयटीआय करून आलेली एक मुलगी कार्बोरेटर बघते. रबरी नळी कानाला लावून दोन्ही एसयूंचा आवाज जुळवण्यात ती माझ्या पुढे गेली आहे. बाबा आता शेडमध्ये रोज येत नाहीत, पण काकांची एमजीबी दिवाळीआधी तपासणीला येते, तेव्हा खुर्ची टाकून बसतात. मागच्या खेपेला वहीतली नोंद त्या मुलीच्या अक्षरात झाली: बॅटरी 12.6, इंजिन गरम, 158, 156, 155, 157. बाबांनी चष्मा लावून ती वाचली, आणि थ्रॉटल कोणी धरला होता ते विचारलं.