जास्वंद, मॅक्रो लेन्स आणि हातातून गेलेले दोन महिने

'दोष आढळला नाही' असा शेरा घेऊन माझी मॅक्रो लेन्स, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायची लेन्स, सर्व्हिस सेंटरमधून दुसऱ्यांदा परत आली, त्या दिवशी मी रडकुंडीला आले होते. पहिल्या खेपेला तीन आठवडे वाट पाहिली, दुसऱ्या खेपेलाही जवळपास तेवढीच. दोन्ही वेळा तोच एका ओळीचा कागद. झाडावर रोज नवं फूल उमलत होतं, संध्याकाळी मिटत होतं आणि माझ्या हातात लेन्सच नव्हती.

तक्रार एकच होती. जास्वंदीच्या मधून लांब दांडा बाहेर येतो, त्याच्या टोकाला पाच मखमली लाल ठिपके असतात. त्यांना कुक्षी म्हणतात. मला ते पाच ठिपके शार्प हवे होते. पण शार्प यायचे ते त्यांच्या मागचे पिवळे परागकोश, आणि ठिपके दुधाळ. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर सगळं छान दिसायचं, कॉम्प्युटरवर मोठं केलं की घात. दहातले आठ फोटो असेच. फोकस कायम मागेच पडतोय म्हणजे खोट लेन्समध्ये आहे, हे मी धरूनच चालले होते.

कॅमेरा घेणं, मेन्यू समजून घेणं, ॲपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र) आणि शटरचं गणित, हे सगळं आठवडाभरात जमलं होतं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. अडकले ते ठिपके आणि परागकोश यांच्यातल्या या चार-पाच मिलिमीटरांत.

शेवटी लेन्सवरचा राग बाजूला ठेवून टेबलावर एक पट्टी तिरपी उभी केली. १५ सेंटीमीटरच्या रेघेवर मधला फोकस पॉइंट (कॅमेरा जिथे फोकस धरतो ती पडद्यावरची खूण) ठेवला, कॅमेरा अजिबात न हलवता फोटो काढला. १५ची रेघ कापल्यासारखी स्वच्छ! म्हणजे लेन्स चोख होती. मग नेहमीसारखा काढला: मधल्या पॉइंटने फोकस धरला, बटण अर्धं दाबून ठेवलं, रेघ फ्रेमच्या कडेला येईल इतका कॅमेरा वळवला आणि क्लिक. १५ची रेघ पुसट, तिच्या मागच्या रेघा शार्प.

हीच ती पद्धत एका कार्यशाळेत शिकवली होती: 'मधल्या पॉइंटने फोकस करा आणि मग फ्रेम जुळवा.' तीन मीटरवरच्या माणसाच्या फोटोत ती बहुतेक वेळा खपून जाते. फुलाच्या फोटोत नाही, आणि हे तिथे कुणी सांगितलं नाही याचा मला आजही राग येतो. कारण साधं आहे. जे शार्प दिसतं ते सेन्सरला (कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या पटलाला) समांतर असलेल्या एका पातळ प्रतलात असतं. कॅमेरा वळला की ते प्रतलही वळतं, आणि आपण नेम धरलेली वस्तू त्याच्या अलीकडे राहते. इतक्या जवळून दहा अंश वळलं तरी तीन-चार मिलिमीटरांचा फरक पडतो. फूल सेन्सरवर जेवढ्यास तेवढं उमटत असेल, तर फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर एफ/२.८ला, म्हणजे ॲपर्चर बरंच उघडं असताना, शार्प पट्टा जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटरचा असतो. ॲपर्चर एफ/११पर्यंत लहान केलं तरी सव्वा मिलिमीटरच्या आसपास. तीन मिलिमीटर चुकल्यावर उरतं काय?

त्यामुळे पहिली गोष्ट: फोकस पॉइंटच उचलून जिथे कुक्षी हवी आहे तिथे न्या. फ्रेम आधी, फोकस नंतर. हे केल्यावर माझी रचनाही आपोआप सुधारली. मधला पॉइंट वापरायच्या सवयीने माझी सगळी फुलं मधोमध येऊन बसत होती, वळवायची तीही भीत भीत. पॉइंट कोपऱ्यात नेता यायला लागला तसा दांडा तिरका एका कडेने आत येऊ लागला आणि समोर रिकामी जागा राहू लागली.

पण कॅमेरा हातात धरून अगदी जवळ गेलात तर ऑटोफोकसच्या नादी लागू नका, तो पुढे-मागे शोधतच बसतो. फोकसची रिंग एका जागी ठेवा, कोपरं बरगड्यांना टेकवा आणि अख्खं अंग अगदी हळू पुढे झुकवा. ठिपके चमकले की श्वास रोखून तीन-चार फोटो सलग. ट्रायपॉड असेल तर लाइव्ह व्ह्यूमध्ये (कॅमेऱ्याच्या पडद्यावरच्या थेट चित्रात) दहापट मोठं करून फोकस धरा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा.

ॲपर्चर आणखी लहान करून, एफ/२२वर जाऊन प्रश्न सुटेल असंही वाटलं होतं. तिथे विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे) सगळंच मऊ होतं. मी आता एफ/८ ते एफ/११च्या मध्ये राहते. इतक्या जवळ गेल्यावर लेन्स दोन स्टॉपच्या आसपास उजेड खाते, म्हणजे जेमतेम पाव उजेड उरतो, म्हणून आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) वाढवायला कचरू नका. वाऱ्याने हललेला फोटो दाणेदार फोटोपेक्षा वाईट. वारा पहाटे सगळ्यात कमी असतो, फूलही ताजं असतं.

आधी सांगायचं राहिलं: दांडा समोरून न घेता बाजूने घ्या. तो सेन्सरला समांतर आला की टोकापासून परागकोशांपर्यंत सगळं एकाच प्रतलात बसतं आणि पाकळ्या मागे विरघळतात. पार्श्वभूमीत एखादं पांढरं पान खुपत असेल तर ते तोडू नका, स्वतः अर्धं पाऊल सरका. तेवढ्याने अख्खी पार्श्वभूमी बदलते. आणि लाल फुलाला एक्स्पोजर थोडं कमीच द्या, नाहीतर लाल चॅनल (फोटोतली लाल रंगाची नोंद) जळतो आणि पाकळीच्या शिरा परत मिळत नाहीत. ढगाळ दिवस असेल तर उत्तमच.

लेन्स परत आल्यानंतरच्या चौथ्या सकाळी मला हवा तो फोटो मिळाला. पाचही ठिपके शार्प, त्यांच्यावरची बारीक लव मोजता येईल इतकी स्पष्ट. उजवीकडच्या ठिपक्यावर परागाचा एकच पिवळा कण चिकटलेला होता. तो तिथे आहे हे मला फोटो मोठा करेपर्यंत माहीतच नव्हतं.