हसलेले अनारसे

जावई म्हणजे दहावा ग्रह, असं आजी म्हणायची. तिने स्वतःच्या जावयांचे रुसवेफुगवे भरपूर काढले होते. आहेरातलं उपरणं आखूड निघालं म्हणून त्यातला एक तर पंगतीतून उठला होता. त्यामुळे ताईचं लग्न ठरलं तेव्हा सगळं घर धास्तावलेलंच होतं.

कानपिळीला मी नवरदेवासमोर उभा राहिलो, तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं. हात पुढे होईना. दाजी मुंडावळ्यांआडून हळूच म्हणाले, "जोरात पिळ, फोटो काढतोय तो."

२०२३ साली अधिक श्रावण आला. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा साधारण ११ दिवसांनी तोकडं पडतं. ती तूट भरायला पंचांगात हा जादा महिना आला आणि आपण त्यात जावयाची सोय लावून टाकली. (सुनेसाठी एखादा जादा महिना मात्र कुणाला सुचला नाही.) आईने तांदूळ तीन दिवस भिजवले, रोज पाणी बदललं, सावलीत सुकवून कुटले, गूळ घालून पीठ मुरायला ठेवलं. सगळं रीतसर झालं. तरी अनारसे हसले. खसखशीवर थापलेला अनारसा तुपात सोडला की विरघळून कढईभर पसरायचा. आई रडकुंडीला आली. कसेबसे ३३ धड निघाले ते वाणाच्या ताटात गेले, बाकीचा चुरा डब्यात.

दाजींनी पाटावर बसून वाण घेतलं, कुंकू लावून घेतलं आणि नव्या सदऱ्यातच थेट स्वयंपाकघरात आले. "आई, हसलेले कुठंयत? वाणातले घरी नेऊन वाटायचे, खायचे ते हेच." ओट्याला टेकून वाटीत चुरा घेतला, वर दूध ओतलं. आई "अहो, जावई ना तुम्ही, उभ्याने काय खाताय" म्हणत राहिली. ते बोटाने वाटी पुसून घेत होते.

वडील गेल्यावर सातबाऱ्यावर वारसनोंद करायची वेळ आली. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिलाय. पण गावाला अजूनही बहिणीने हक्कसोडपत्र द्यावं असंच वाटतं, आणि तिने दिलं नाही तर खापर जावयावर. भावकीतल्या एका काकांनी दाजींना बाजूला घेतलं, "बायकोला जरा समजवा." दाजी म्हणाले, "बहीणभावाचं आहे काका, मी चहा सांगतो." आणि खरोखरच टपरीवर जाऊन बसले ते सगळं उरकेपर्यंत. ताईने सोडपत्र केलं नाही, मलाही ते नकोच होतं. आता सातबाऱ्यावर दोघांची नावं आहेत आणि भुईमुगाची निम्मी पोती तिच्या घरी जातात.

जमिनीत तोंड न घालणारा हा माणूस माझ्या बाबतीत मात्र बिनदिक्कत पडतो. मी हप्त्यावर चारचाकी घ्यायला निघालो, तर फोनवर असं झापलं की बायकोला पलीकडच्या खोलीत ऐकू गेलं. "दारात उभी करून पूजा करणार आहेस का तिची? आधी विहिरीची मोटर बदल." चुलतभावांनी पेढे मागितले असते. मला राग आला, दोन दिवस फोन उचलला नाही. मोटर बदलली.

माझ्या बायकोला भाऊ नाही. लहानपणापासून ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळायची. लग्नानंतरच्या पहिल्याच भाऊबीजेला ताई मला ओवाळून उठली, तर दाजी त्याच पाटावर येऊन बसले आणि बायकोला म्हणाले, "चंद्राला आज सुट्टी." तेव्हापासून ते चालूच आहे. तबकात पाकीट टाकायच्या आधी मात्र दरवर्षी ते मला कोपऱ्यात घेतात, "तू ताईला किती घातलेस? खरं सांग. मी एक रुपया जास्त घातला तरी घरी जाईपर्यंत तुझी बहीण मला ऐकवते."