गर्दी वजा जाता

टोकियो ऑलिम्पिक म्हटलं की मला आधी बुटांचा आवाज आठवतो. बॅडमिंटनच्या कोर्टवर धावता धावता थांबताना रबरी तळवा चर्रकन वाजतो ना, तो. आपला मुंबईचा चिराग शेट्टी आणि सात्विकसाईराज खेळत होते आणि त्या भल्यामोठ्या हॉलमध्ये बूट, शटल आणि चिरागच्या आरोळ्या एवढाच काय तो नाद. गटातल्या तीन सामन्यांपैकी दोन या जोडीने जिंकले. त्यातला एक तर पुढे सुवर्णपदक नेणाऱ्या तैवानच्या जोडीविरुद्ध. तरीही हे दोघे बाहेर! गेमच्या हिशेबाने म्हणे. हा हिशेब मला अजून कुणी नीट पटवून दिलेला नाही.

वर्षभर पुढे ढकललेली स्पर्धा २३ जुलै २०२१ ला सुरू झाली. टोकियोत आणीबाणी जाहीर झालेली, त्यामुळे तिथे प्रेक्षकांना मज्जाव. मुख्य स्टेडियममध्ये जवळपास ६८ हजार खुर्च्या, त्याही पाच रंगांच्या आणि मुद्दाम विखरून बसवलेल्या. लांबून बघितलं तर माणसं बसली आहेत असंच वाटे. स्टेडियम महामारीच्या आधीच बांधून झालं होतं, त्यामुळे वास्तुशिल्पी केंगो कुमांनी हे काही महामारीसाठी आखलेलं नव्हतं. उद्घाटनाच्या वेळी बाहेर 'ऑलिम्पिक रद्द करा' म्हणून निदर्शनं चालली होती आणि आतल्या शांततेत त्या घोषणा ऐकू येत होत्या, असं मी दुसऱ्या दिवशी वाचलं. भरलेल्या स्टेडियमला त्या कधी कळल्याही नसत्या.

इकडे आपल्याकडे त्याच दिवशी चिपळूण पाण्याखाली होतं, महाडजवळच्या तळियेवर दरड कोसळली होती. रिमोट हातात घेऊन मी टोकियोची आतषबाजी आणि छपरावर अडकलेली माणसं यांच्यामध्ये येरझारा घालत होतो. दुसऱ्या लाटेतले ऑक्सिजनचे आकडे अजून डोक्यातून गेले नव्हते. अशात खेळ कसले बघायचे, असं घरात प्रत्येकाने एकेकदा म्हणून घेतलं. दुसऱ्या दिवशी भारोत्तोलनात मीराबाई चानू आली आणि तो प्रश्न पुन्हा कुणी काढला नाही.

आईने भेट दिलेली, ऑलिम्पिकच्या कड्यांच्या आकाराची कर्णफुलं तिच्या कानात होती. स्नॅचमध्ये ८७ किलो, क्लीन अँड जर्कमध्ये ११५. वजन खाली टाकलं की जो दणका बसे, तो आमच्या टीव्हीच्या साध्या स्पीकरमधूनही पोटात जाणवे. शेवटच्या प्रयत्नात ११७ किलो काही पेललं नाही, तरी ती हसली. रौप्यपदक तोवर पक्कं झालेलं होतं.

आदल्या वर्षी अमिरातीत झालेल्या आयपीएलमध्ये टीव्हीवर ध्वनिमुद्रित टाळ्या-शिट्ट्या लावत. चौकार गेला की बटण दाबल्यासारखा जल्लोष. ते ऐकताना मला लग्नातल्या सनईच्या कॅसेटसारखं वाटायचं. टोकियोतला ओकाबोका आवाज त्यापेक्षा कितीतरी बरा. हॉकीचा गोलरक्षक सामनाभर ओरडत असतो हे मला श्रीजेशमुळे कळलं. ५ ऑगस्टच्या सकाळी जर्मनीविरुद्ध १-३ अशा पिछाडीवरून ५-४ झाले, आणि शेवटचे काही सेकंद उरलेले असताना जर्मनीला पेनल्टी कॉर्नर. श्रीजेशने तो अडवला आणि नंतर गोलपोस्टवर चढून बसला. ४१ वर्षांनी हॉकीत पदक. दुसऱ्या दिवशी आपल्या मुली ब्रिटनकडून ३-४ अशा हरल्या, तेव्हा त्यांचं रडणंही तितकंच स्वच्छ ऐकू आलं.

तिरंदाजीत तर प्रक्षेपण करणाऱ्यांनी कमाल केली. नेम धरणाऱ्याच्या हृदयाचे ठोकेच पडद्यावर! फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव उभा, समोर जगातला एक नंबरचा ब्रॅडी एलिसन, आणि कोपऱ्यात आकडा वरखाली. प्रवीण हरला. पण दुसऱ्याची छाती किती धडधडते हे घरबसल्या सोफ्यावरून बघणं मला जरा आगाऊपणाचंच वाटलं. बघितलं मात्र शेवटपर्यंत.

पदकंही ज्याची त्याने तबकातून उचलायची आणि स्वतःच गळ्यात घालायची. उंच उडीतल्या कतारच्या बार्शिम आणि इटलीच्या ताम्बेरी यांनी एकमेकांच्या गळ्यात घातली, तेवढीच गोड पळवाट. दोघेही २.३७ मीटर पार करून २.३९ वर अडलेले. पंच पुढचा नियम समजावू लागले, तर बार्शिमने सरळ विचारलं, दोन सुवर्णपदकं मिळतील का? मिळत होती. ताम्बेरी त्याच्या अंगावर झेपावला आणि मग ट्रॅकवर गडाबडा लोळला.

प्रशिक्षक तर पुरतेच उघडे पडले. ऑस्ट्रेलियाची टिटमस ४०० मीटर पोहून केटी लेडेकीला मागे टाकत होती, तेव्हा ओस पडलेल्या गॅलरीत तिचा कोच डीन बॉक्सॉल कठड्याची काच धरून असा काही घुमला, की आमच्याकडे गोंधळातही इतकं कुणी घुमत नाही.

तिकडची गर्दी बहुधा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर जमा झाली होती. ज्यांनी तलवार फक्त शिवजयंतीच्या मिरवणुकीत बघितली, ते तलवारबाज भवानी देवीच्या सेबर प्रकाराचे नियम सांगत होते. ७ ऑगस्टला अदिती अशोकसाठी पहाटे उठून आम्ही गोल्फ बघितलं. कुणाला बर्डी म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण चेंडू भोकात जावा एवढी माफक इच्छा होती. एका फटक्याने तिचं पदक गेलं. संध्याकाळी नीरज चोप्राचा ८७.५८ मीटरचा भाला. भाला टेकायच्या आत तो पाठ फिरवून हात उंचावत होता, आणि पदक पक्कं झालं तशी आमच्या बाल्कन्यांतून मास्क खाली करून जी ओरड झाली, ती आधीच्या वर्षी थाळ्या वाजवतानाही झाली नव्हती.

पुढे २०२४ मध्ये पॅरिसला पुन्हा सगळं भरलेलं. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्य घेतलं, खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचं वैयक्तिक पदक थेट तेव्हा. गर्दीमुळे खेळ झाकला जातो, असं माझं टोकियोपासून मत झालेलं. ते फ्रान्सचा जलतरणपटू लिऑन मार्शाँ याने मोडीत काढलं. तो ब्रेस्टस्ट्रोकला श्वास घ्यायला डोकं वर काढी आणि दर वेळी अख्खं स्टेडियम एका सुरात गरजे. डोकं पाण्यात गेलं की गप्प. इतका ताल धरणारे प्रेक्षक मी पहिल्यांदाच ऐकले. त्याचा कोच काय ओरडत होता, ते मात्र शेवटपर्यंत कळलं नाही.