जिन्यातला जोड

सातारला आम्ही 2012 साली घर बांधले, तेव्हा तळमजल्याच्या हॉलपासून जिन्याच्या वरच्या टप्प्यापर्यंत भिंतीतल्या पाइपमधून इंटरनेटसाठीची एक कॅट-फाइव्ह-ई प्रकारची नेटवर्क केबल ओढून ठेवली होती. त्या वेळी तिचा काही उपयोग नव्हता, पण भिंत उघडी आहे तोवर टाकून ठेवावी, असा विचार केला होता. पुढे गच्चीवर खोली झाली, पत्नीचे कार्यालयीन काम घरून सुरू झाले आणि ही केबल गच्चीवरच्या खोलीपर्यंत वाढवायची वेळ आली.

वाय-फायवर भागेल का, हे आधी पाहिले होते. राउटर खाली हॉलमध्ये आणि खोली दोन स्लॅबच्या वर. 5 गिगाहर्ट्झच्या लहरी सळई-काँक्रीटच्या एका स्लॅबमध्येच इतक्या क्षीण होतात की वर काही उरत नाही. 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी पोहोचतात, मात्र त्याच पट्ट्यात शेजारपाजारच्या सगळ्या राउटरांची गर्दी असते, त्यामुळे बैठकीत आवाज तुटत राहतो. मेश यंत्रणा, म्हणजे मजल्यामजल्यावर ठेवलेली व एकमेकांशी जोडलेली वाय-फाय यंत्रे, बसवता आली असती, परंतु तिच्या वरच्या यंत्रालाही खालून येणारा संकेत हवेतूनच घ्यावा लागतो, आणि आमची अडचण नेमकी तिथेच होती.

म्हणून एका वायरमनला बोलावले. त्यांनी जुन्या केबलचे टोक सोलले, नवीन केबलचे टोक सोलले, रंगाला रंग जुळवून तारा पिळल्या, काळी चिकटपट्टी गुंडाळली आणि जोड पेटीत दाबून झाकण लावले. विजेच्या वायरिंगमध्ये आयुष्य घालवलेल्या माणसाला ही पद्धत स्वाभाविक वाटते. लगेच इंटरनेट चालूही झाले, त्यामुळे काही महिने कोणाला शंका आली नाही. पुढे मोठ्या फायली वर चढवायला फार वेळ लागतो, अशी पत्नीची तक्रार सुरू झाली. आमची जोडणी 300 एमबीपीएसची (सेकंदाला 300 मेगाबिटची) होती, पण वरच्या खोलीत वेग 94च्या पुढे कधीच जात नव्हता. लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये 1000ऐवजी 100 हा आकडा दिसला, तेव्हा दोष सेवेत नसून तारेत आहे हे कळले.

यामागचे कारण प्रत्येकाने समजून घ्यावे असे आहे. नेटवर्क केबलमध्ये आठ तारांच्या चार जोड्या असतात. 100 एमबीपीएससाठी त्यांतल्या दोनच पुरतात, गिगाबिटसाठी, म्हणजे 1000 एमबीपीएससाठी, मात्र चारही लागतात. उरलेल्या दोन जोड्यांपैकी एखादी तार तुटली, तर बहुतेक उपकरणे काहीही न सांगता 100वर उतरतात आणि काम चालू ठेवतात. दिवा लागतो, पाने उघडतात, म्हणून दोष वर्षानुवर्षे लपून राहू शकतो.

मी पेटी उघडली. उन्हाळ्याने चिकटपट्टीचा गोंद पाझरून बोटांना लागत होता. आतल्या तारांचा पीळ वीतभर उलगडलेला होता आणि तपकिरी तार जोडाच्या अगदी मुळाशी तुटलेली होती. तुटलेल्या जागी ती तांबूस दिसण्याऐवजी चंदेरी दिसली, म्हणजे वाढवलेली केबल तांब्याची नव्हतीच. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा होता. अशी तार वाकवली की मोडते, तिचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो, आणि पुढे त्याच केबलमधून एखाद्या कॅमेऱ्याला वीज द्यायची ठरवली तर ती अधिक तापते. हा माल स्वस्त असतो म्हणून सर्रास विकला जातो. दुसऱ्या खेपेला दुकानदाराने स्वतःच विचारले, "साहेब, प्युअर कॉपर देऊ की साधी?" मी टोक ब्लेडने खरवडून पाहिले आणि आतपर्यंत तांबूस दिसल्यावरच पंचवीस मीटर कॅट-सिक्स तोडून घेतली.

राउटरपासून वरपर्यंत एकसंध केबल टाकणे केव्हाही उत्तम. पण जुन्या पाइपला तीन वळणे होती आणि पाइपमधून केबल ओढण्यासाठी सारायची फिश वायर दुसऱ्याच वळणावर अडकत होती. भिंत फोडायची नव्हती, म्हणून जोड ठेवणे भाग होते. अंतराची चिंता नव्हती, कारण तांब्याच्या केबलची मर्यादा पॅच कॉर्ड (दोन्ही टोकांना प्लग असलेल्या छोट्या केबली) धरून 100 मीटर असते आणि आमचे दोन्ही तुकडे मिळून 33 मीटरच भरत होते. प्रश्न जोड कसा असावा एवढाच होता.

मी जिन्याच्या टप्प्यावर दोन नेटवर्क सॉकेटांची पेटी, म्हणजे आयओ बॉक्स, बसवला. जुनी केबल एका सॉकेटमध्ये संपते, नवी दुसऱ्या सॉकेटमधून निघते आणि दोहोंमध्ये अर्ध्या मीटरची पॅच कॉर्ड आहे. दोन्हीकडून प्लग खोचायचा छोटा कपलरही मिळतो आणि तो चालतोही, परंतु मला हीच रचना पटते. उद्या बिघाड झाला तर कॉर्ड काढून कोणता तुकडा सदोष आहे हे पाच मिनिटांत कळते, आणि मधल्या मजल्यावर आणखी जोडण्या हव्या झाल्या तर कॉर्डच्या जागी गिगाबिट स्विच (एका केबलवरून अनेक जोडण्या देणारे यंत्र) बसतो. जोड कुठलाही असो, तो हात पोहोचेल अशा ठिकाणी असावा. प्लास्टरखाली गाडलेल्या जोडाला माझा ठाम विरोध आहे.

खराब भाग कापल्यावर जुन्या केबलचे जेमतेम बारा सेंटिमीटर टोक हाताशी उरले, म्हणजे संधी एकदाच मिळणार होती. हॉलमधल्या टोकाचा रंगक्रम आधी पाहून घेतला: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हा टी-568-बी क्रम, तारा लावण्याच्या दोन ठरलेल्या क्रमांपैकी एक. सॉकेटच्या बाजूला ए आणि बी असे दोन्ही क्रम छापलेले असतात, त्यांतला एकच सर्वत्र पाळावा लागतो. तारांचा पीळ शोभेसाठी नसतो. प्रत्येक जोडीचा पीळ वेगळ्या घट्टपणाचा असतो, म्हणून शेजारच्या जोडीचा संकेत तिच्यात मिसळत नाही. त्यामुळे सॉकेटपाशी तो 13 मिलिमीटरहून अधिक उलगडू नये, म्हणजे करंगळीच्या नखाएवढाच. तार सॉकेटच्या खाचेत बसवणारे पंचिंग टूल दाबल्यावर कट्ट आवाज येतो आणि जादा टोक तुटून पडते. आठही तारांना तो आवाज आला की जोड बसला.

वायरमनचा आग्रह विजेच्या पाइपमधूनच केबल नेण्याचा होता, तो मी मान्य केला नाही. 230 व्होल्टच्या तारेचे आवरण कुठे सोलले गेले तर काय होईल, हा विचार पुरेसा आहे. आता स्वतंत्र पाइप आहे, आणि तो विजेच्या पाइपला जिथे ओलांडतो तिथे काटकोनात ओलांडतो.

गच्चीवरच्या तीन मीटरांनी सर्वाधिक विचार करायला लावला. मधोमध आईच्या कुरडया-पापडांचे वाळवण असते, म्हणून पाइप कठड्याच्या आतल्या बाजूने क्लॅम्प मारून नेला. भिंतीतले भोक बाहेरच्या बाजूला उतरते पाडले आणि केबलला आत शिरण्यापूर्वी खाली झोल दिला, म्हणजे पावसाचे पाणी झोलाच्या तळाशी येऊन गळते, खोलीत येत नाही. वळवाच्या दिवसांत विजा कडकडू लागल्या की जिन्यातली पॅच कॉर्ड काढून ठेवतो. दोन वेगळ्या इमारती जोडायच्या असतील तर तांबे सोडून वीज न वाहणारी काचतंतूची फायबर केबलच टाकावी, असे माझे मत आहे.

केबल टेस्टरचे आठही दिवे क्रमाने लागले. पण त्या दिव्यांवरून तारा सलग आहेत एवढेच कळते, पीळ बिघडला आहे का हे कळत नाही; म्हणून खालच्या आणि वरच्या संगणकांमध्ये आयपर्फ हा वेग मोजणारा प्रोग्राम चालवून पाहिला. आकडा 940 एमबीपीएसच्या आसपास स्थिर राहिला. आयओ बॉक्सच्या झाकणाच्या आत मार्करने 14 मीटर, 19 मीटर आणि 568-बी असे लिहून ठेवले आहे, आणि गच्चीकडच्या पाइपमध्ये केबलसोबत एक नायलॉनची दोरी ओढून तिची दोन्ही टोके गाठ मारून बाहेर ठेवली आहेत.