मॉरोविंडची जुनी स्केचेस

मॉरोविंड ह्या व्हिडिओ गेमची जुनी कॉन्सेप्ट आर्ट, म्हणजे गेम बनवण्याआधी काढलेली कल्पनाचित्रं, परत हाती लागली आणि काम बाजूलाच राहिलं. गेम २००२ चा, मायकल कर्कब्राइडची ही चित्रं त्याच्याही आधीची. त्यातला तो सिल्ट स्ट्रायडर बघा, काटकुळ्या उंच पायांचा अवाढव्य किडा, पाठीचं कवच पोखरून त्यात माणसं बसवायची आणि हाकणारा त्याच्या उघड्या अवयवांना हात घालून दिशा देणार, कसलं भन्नाट डोकं! गेममध्ये मात्र बिचारा स्टॉपवर नुसता उभा, क्लिक केलं की आपण थेट दुसऱ्या गावात. त्या काळच्या कम्प्युटरकडून किती अपेक्षा ठेवणार म्हणा, लांबचं सगळं धुक्यातच जायचं. पण खरं सांगू, मला आजच्या चकचकीत ग्राफिक्सपेक्षा ह्या खरबरीत रेघाच जास्त जिवंत वाटतात.